फ्रिजपासून टेबलापर्यंत

सकाळी सव्वाआठला, एका पायात मोजा आणि दुसरा पाय उघडा अशा अवस्थेत, मी स्टुलावर आपटलो. म्हणजे पायाची करंगळी आपटली, पण करंगळी आपटली की अख्खा माणूसच आपटतो. मी एका पायावर नाचत आधी आईला हाक मारली, मग देवाला, मग स्टुलाला एक शिवी घातली. ताई आतून म्हणाली, "डोळे कुठे ठेवले होतेस?" डोळे मोबाइलवर होते. पण डोळे रोज मोबाइलवरच असतात. चार वर्षं मी मोबाइल बघत बघत पलंगापासून दारापर्यंत जातोय, एकदाही स्टूल मध्ये आलेलं नाही. "तू स्टूल हलवलंस," मी म्हणालो. "वीतभर हलवलं. झाडायला. वीतभरानं मरतोस का?" मी वाद तिथंच सोडला, कारण दुखत होतं, आणि ताईशी भांडताना दुखत असलं की हरायला होतं. लंगडत कामावर निघालो. नेमका आजच लंगडत. आज मला दुसरं कुणीतरी नीट चालतं हे दाखवायचं होतं.

माझं काम असं आहे की ते सांगायला गेलं की लोक आधी हसतात आणि मग त्यांच्या आजीबद्दल विचारतात. आमच्या सेंटरमध्ये म्हातारी माणसं येतात. कुणाचं हाड मोडलेलं, कुणाचा एक हात ऐकेनासा झालेला. नर्स त्यांना औषध देतात, व्यायामवाले त्यांना उभं करतात, आणि शेवटी माझ्याकडे देतात. मी त्यांना घरी पोचवतो. नुसतं गाडीत बसवून नाही. आधी त्यांच्या घरी जाऊन टेप लावतो, उंबरा किती, कमोड किती उंच, पलंगावरून पाय जमिनीला लागतात का. बाथरूममध्ये धरायला दांडे ठोकतो. सेंटरमध्ये सगळे मला 'घरपोच' म्हणतात. यातलं मी काही शिकलेलो नाही, डिग्री वगैरे भानगड नाही. पाच वर्षांपूर्वी स्ट्रेचर ढकलायला लागलो, मग बघत बघत, व्हिडिओ बघत, चुकत चुकत. चुका माझ्या पाठ आहेत. पहिली चूक म्हणजे एक रिटायर्ड वॉचमन. त्यांच्या घरी मी मोठ्या प्रेमानं, पाय घसरू नये म्हणून, एक नवी जाड चटई घातली. नवव्या दिवशी ते सेंटरमध्ये परत. हात गळ्यात बांधलेला, आणि दुसऱ्या बगलेत चटईची गुंडाळी. "ही तुमची राहिली होती," म्हणाले. चटईतच पाय अडकून पडले होते. तेव्हापासून मी वाटेत काही ठेवत नाही. घर बघायला गेलो की पहिलं काम, वाट मोकळी करा. गालिचा उचला, कुंडी उचला, तिपाई उचला. आमच्या फॉर्मवर पण पहिला प्रश्न तोच आहे, "वाट मोकळी आहे का?" आणि त्यापुढे 'होय'वर मी अशी टिक करतो की कागदाला खालून उठाव येतो.

आज ज्यांना घरी पोचवायचं होतं त्या बाई म्हणजे टायपिंगबाई. घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचा तीस वर्षं टायपिंगचा क्लास होता. अर्ध्या शहराच्या हापिसांत त्यांची बोटं बसलीयेत असं त्या म्हणायच्या. खुब्याचं हाड मोडून आल्या आणि चौदा आठवडे राहिल्या. पहिल्याच दिवशी मी कॉम्प्युटरवर त्यांची माहिती भरत होतो, दोन बोटांनी, आणि पलंगावर पडल्या पडल्या, डोळे मिटलेले, त्या म्हणाल्या, "कोंबडी दाणे टिपतेय का कुणी?" मी म्हणालो, मी आहे. "किती बोटं आहेत तुला?" दहा. "मग बाकीची आठ काय जेवायला ठेवलीयेत?" तेव्हापासून रोज दुपारी पंधरा मिनिटं माझी शिकवणी. माझे हात की-बोर्डवर ठेवून वरून त्या टॉवेल टाकायच्या. "खाली बघायचं नाही. बघितलंस की चुकतोस. बोटाला माहीत असतं घर कुठेय." मी चुकायचो, त्या 'च्च' करायच्या. त्यांचं ते 'च्च' म्हणजे इंजेक्शन. सगळ्या वॉर्डाला कळायचं की घरपोच चुकला. आणि मग त्यांची चालायची वेळ. आमच्या लांब पॅसेजमध्ये दोन्ही भिंतींना लाकडी कठडे आहेत. उजव्या हातात काठी, डावा हात कठड्यावरून सरकत, बाई चाळीस पावलं जायच्या, वळायच्या, चाळीस पावलं यायच्या. जाता जाता तोंडानं हिशेब चालायचा, पण पावलांचा नाही. "फ्रिज. टेबल. खुर्ची. फ्रिज. टेबल. खुर्ची." मी विचारलं, हे काय बाई? "घरी जातेय," म्हणाल्या. मला वाटलं, घराची आठवण येते बिचारीला. फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी विचार करायचा थांबतो, ही माझी अडचण आहे.

आजची चाचणी साधी होती. माणूस घरी एकटं राहू शकेल का ते आम्ही घरीच बघतो. दारातून पलंगापर्यंत, पलंगापासून बाथरूम आणि परत, मग स्वयंपाकघरात जाऊन एक कप चहा. काठी चालेल, कुणाचा हात चालणार नाही. मोठ्या मॅडम फॉर्म घेऊन उभ्या राहतात. पास झालं तर चाव्या माणसाच्या हातात. नापास झालं तर सेंटरच्या मागच्या इमारतीत खोली, तिथून कुणी परत येत नाही. म्हणजे मरत नाहीत, मजेत असतात, टीव्ही मोठ्यानं लावतात, पण येत नाहीत. बाईंचं घर भाड्याचं. मुलगा दुसऱ्या शहरात. पन्नाशीचा, घाबरट, चांगला माणूस, खिशात कायम एक यादी. त्यानं घरमालकाला सांगून ठेवलं होतं, आज आई नापास झाली तर महिनाअखेरीस घर सोडतो. बाईंना पण हे माहीत होतं. गाडीत त्या माझ्याशेजारी बसल्या होत्या, इस्त्रीची साडी, मांडीवर पर्स, आणि पर्सवर दहाही बोटं हळूहळू चाललेली. मी बघत होतो. काहीतरी लिहीत होत्या. काय ते मला ओळखू येईना, माझी प्रगती तेवढी नव्हती.

घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. मी आणि मुलग्यानं दोन दिवस राबून घर तयार केलं होतं. खरं सांगतो, मला अभिमान वाटत होता. आधी त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. दार उघडलं की चपलांचं कपाट, त्याला खेटून फ्रिज, कारण स्वयंपाकघरात मावत नाही, पुढे जेवणाचं टेबल, मग उंच पाठीची खुर्ची, मग लोखंडाचा एक जुना टाइपरायटर त्याच्या टेबलासकट, मग आतल्या खोलीची चौकट. सगळं एका ओळीत, हॉलच्या मधोमध, जणू लग्नाची वरात निघालीय. मी बघून हबकलोच. नुसते अडथळे! भिंतीला दांडा ठोकावा तर घरमालकाची ताकीद, बाथरूम सोडून कुठेही भोक पाडायचं नाही. मग मी म्हटलं, निदान वाट तरी मोकळी करू. चपलांचं कपाट बाहेर जिन्यापाशी. फ्रिज पार खिडकीखाली. टेबल वरच्या मजल्यावरच्या काकूंना देऊन टाकलं, त्यांना हवंच होतं. खुर्ची आणि टाइपरायटर गॅलरीत. दारापासून आतल्या खोलीपर्यंत अकरा पावलं, मधे काही नाही. सेंटरमध्ये चाळीस चालतात, अकरा म्हणजे किस झाड की पत्ती. मुलगा तर म्हणाला, "केवढा मोठा हॉल आहे हो आमचा! मला जन्मात कळलं नव्हतं."

दार उघडलं. बाई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. काठी उजव्या हातात. एक पाऊल आत टाकलं, आणि थांबल्या. मी म्हणालो, चला बाई. त्या हलेनात. मॅडमनी घड्याळ बघितलं. बारा वाजून पाच मिनिटं. गाडी एक वाजता परत न्यायची होती, दुसरा पेशंट थांबला होता. बाईंनी समोर बघितलं, डावीकडे बघितलं, आणि स्पष्ट, क्लासमधल्या आवाजात विचारलं, "हे कुणाचं घर?"

मुलगा पांढरा पडला. "आई! आपलं घर! आई, मी कोण?" "तू गाढव आहेस," बाई म्हणाल्या, "घर कुणाचंय ते विचारतेय." पण त्यांचा आवाज चिरकला होता, आणि मुलगा माझ्या कानात "गेली हो, आईची आठवण गेली, मला वाटतच होतं" असं म्हणत यादी चुरगाळत होता. मॅडमनी पेन काढलं. मला उलटं दिसत होतं तरी वाचता आलं. 'घर ओळखले नाही. गोंधळ.' गोंधळ हा शब्द आमच्या फॉर्मवर फार वाईट. हाड मोडलं तर जुळतं, गोंधळ लिहिला की संपलं, मागची इमारत. मला त्या क्षणी वॉचमन दिसला, बगलेत चटई. ही तुमची राहिली होती. आणि बुटात करंगळी ठणकायला लागली. मी विचार करतोय बाईंचा आणि ठणकतेय करंगळी, मला स्वतःची लाज वाटली. एवढ्या गंभीर वेळी माणसानं करंगळीचा विचार करू नये. पण मी केला. चार वर्षं मी न बघता चालतोय. वीतभर. वीतभरानं मरतोस का. आणि तेव्हा मला बाईंचा डावा हात दिसला. तो कमरेच्या उंचीवर, जरा पुढे, बोटं पसरून हवेत होता. काहीतरी शोधत होता. टॉवेलखाली माझे हात शोधायचे तसा. थोडा पुढे, थोडा मागे. फ्रिज. तिथं फ्रिज नव्हता. मीच तो खिडकीखाली नेला होता, अभिमानानं.

"अरे देवा," मी म्हणालो. मॅडम म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हणालो, "मॅडम, ते सामान अडथळा नव्हतं. म्हणजे ते. म्हणजे मी कठडा काढलाय." "कसला कठडा?" "फ्रिज!" मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की गोंधळाच्या रकान्यात आता माझं नाव पण येणार. मी घाईघाईनं सांगितलं. बाई तीस वर्षं या घरात धरत धरत चालतात, कुठलीही वस्तू सोडायच्या आधी पुढची हाताला लागते. सेंटरमध्ये पण त्या हेच म्हणत होत्या, आणि मी मूर्ख, मला वाटलं आठवण येते. अर्धा तास द्या. मॅडम म्हणाल्या, "घरपोच, मला एक वाजता निघायचंय. एक म्हणजे एक." आणि त्यांनी पेनचं टोपण लावलं नाही. पण त्या जिन्यापाशी जाऊन चपलांच्या कपाटावर बसल्या. मॅडम बसल्या म्हणजे वेळ दिला.

पुढचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही आणि माझी कंबरही. गॅलरीतली उंच पाठीची खुर्ची आणून बाईंना दारातच बसवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी म्हणालो, बाई, डोळे उघडा ना, बघून सांगा. "बघून काय कळतंय? फ्रिज आण." मी आणि मुलगा फ्रिज ढकलत आणला, आतल्या बाटल्या किणकिणत होत्या. "अजून आत. अजून. थांब. चार बोटं मागे." चार बोटं मागे घेतला. "च्च." दोन बोटं पुढे. "हं." मग टेबल. टेबल वरच्या काकूंकडे. मी धावत वर गेलो तर काकू, त्यांचे मिस्टर आणि काकूंची जाऊ त्याच टेबलावर जेवायला बसलेले. "काकू, टेबल हवंय." "कुणाला?" "आम्हाला. परत. आत्ता." काका म्हणाले, "अहो, दिलेली वस्तू कुणी घास तोंडात असताना परत मागतं का?" मी म्हणालो, "काका, त्याच्याशिवाय बाईंना चालता येत नाही." काकांनी टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "टेबल घेऊन चालणार त्या?" काकू मात्र उठल्या. "आधी नाही का सांगायचं! उठा हो तुम्ही. ताटं उचला. जाऊबाई, तो कोपरा धरा." त्या तिघांनी ताटं गॅलरीच्या कठड्यावर ठेवली आणि टेबल स्वतः उतरवून आणलं, काका घास चावत चावत मागे, "डावीकडे, अहो डावीकडे," असं म्हणत, एकही पाय न धरता.

"टेबलाचा फ्रिजकडचा कोपरा जरा तिरका असतो," बाई डोळे मिटून म्हणाल्या. "तिरका कर. एवढा नको. माझ्या पोटाला लागेल. हं. आता सोड." मी सोडलं. आणि टेबल खटकन अर्धा इंच खाली बसलं. चारही पायांनी. वाकून बघितलं तर फरशीवरच्या जुन्या प्लास्टिकच्या अंथरणात चार खळगे होते, तीस वर्षांचे, आणि चारही पाय बरोब्बर त्यांत. दारात, लांबून, डोळे मिटून. मी वर बघितलं तर मॅडम माझ्या शेजारी वाकलेल्या. त्यांनी एका खळग्यात पेनचं टोक घालून बघितलं, जसं आपण खरंखोटं करतो तसं. काका म्हणाले, "आमच्याकडे सारखं डुगडुगत होतं."

टाइपरायटर गॅलरीतून आला, त्याखालचं टेबल आलं. जिन्यापासचं चपलांचं कपाट पण आलं. बाईंना उभं करून खुर्ची तिच्या जागी गेली. साडेबाराच्या पुढे काटा गेला होता. बाईंनी पदर खोचला. मुलगा हात पुढे करायला लागला तर मी त्याचा शर्ट मागून धरला, अक्षरशः धरला. काठी उजवीकडे. डावा हात कपाटावर. एक पाऊल. हात फ्रिजवर, फ्रिजच्या कडेवरून सरकत, दुसरं पाऊल, तिसरं. टेबलाचा तिरका कोपरा पोटाला न लागता गेला. टेबलावर हात सपाट, जणू इस्त्री करताहेत. खुर्चीची पाठ. मी श्वास घेत नव्हतो. मला वाटतं जिन्यातले सगळेच घेत नव्हते, फक्त काका चावत होते. टाइपरायटरपाशी आल्या, आणि न थांबता, न बघता, बाईंच्या बोटानं एक कळ दाबली. खट्. मग चौकट. मग आत. पलंग वाजला, बसल्या. उठल्या. बाथरूमचं दार. मी ठोकलेल्या दांड्याचा कुईं असा आवाज आला, तो मला नंतर घट्ट करायचाय. मग परत, चौकट, स्वयंपाकघर. तिथं अर्धी लढाई जिंकलेलीच होती, कारण स्वयंपाकघर इतकं अरुंद की पडायला पण जागा नाही. भांड्याचा आवाज, पाण्याचा, लायटरचा. "साखर कुणी वरच्या फळीवर ठेवली?" मुलगा म्हणाला, मी, आई, मुंग्या. "मुंग्यांना माहीत होती जागा. मला नाही." पण चहा झाला. एक कप म्हटलं होतं, त्यांनी सहा केले, आणि ट्रे उचलायचा प्रयत्न न करता तिथूनच ओरडल्या, "ज्याला हवा त्यानं येऊन घ्या. वेटर नाहीये मी." चहा घेताना मॅडमनी फॉर्म टेबलावर ठेवला. 'गोंधळ'वर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी सही केली. मग पहिल्या प्रश्नावर पेन थांबलं. वाट मोकळी आहे का. मॅडम प्रामाणिक बाई आहेत. हॉलच्या मधोमध वरात उभी होती. "याला 'होय' कसं लिहू मी?" त्या म्हणाल्या. "हे रिकामं सोडलं तर ऑफिसातून परत येतं."

मी म्हणालो, "मॅडम, खाली दुसरा प्रश्न आहे, कठडा आहे का. कठडा असेल तर पहिला प्रश्न लागू नाही, असं लिहिलंय बारीक अक्षरात." पाच वर्षांत ते बारीक अक्षर मी पहिल्यांदा वाचलं होतं. मॅडमनी चहाचा घोट घेतला. "हा फ्रिज कठडा आहे?" "आहे, मॅडम. आतून थंड आहे, एवढंच." त्या हसल्या नाहीत, मॅडम हसत नाहीत, पण त्यांनी लिहिलं. मी वाचलं, या वेळी सुलटं. 'कठडा: आहे. कपाट, फ्रिज, टेबल, खुर्ची, टाइपरायटर. हलवू नये.' 'हलवू नये' खाली दोन रेघा. मग चाव्या मुलग्यानं बाईंच्या हातात ठेवल्या आणि रडायला लागला, आणि बाई म्हणाल्या, "रडतोस काय, बशी धर, सांडतोयस." आणि मला म्हणाल्या, "तू रोज येशील का?" मी म्हणालो, रोज नाही बाई, बुधवारी. "बुधवारी ये. अजून खाली बघतोस तू."

दार बंद झालं. लिफ्ट येईपर्यंत मी आणि मॅडम जिन्यापाशी उभे होतो. आतून आवाज येत होते. फ्रिजवर तळहाताचा, अगदी हलका. मग काठीचा. मग काही नाही, काही नाही, बराच वेळ काही नाही, आणि माझा हात दाराच्या बेलकडे जायला लागला. वॉचमन नवव्या दिवशी परत आला होता, आज तर पहिलाच दिवस. मॅडमनी माझं मनगट धरलं. आणि आतून, खट्, खटखट्, खटखटखट्, आणि ओळ संपल्यावर वाजते ती बारीकशी घंटा.

घरी गेलो तेव्हा ताई जमिनीवर बसून पेपर वाचत होती. "ठेवलं बाबा तुझं स्टूल जागेवर," मान वर न करता म्हणाली. "सकाळी नुसता गळा काढलास." मी दारातच थांबलो. मनात आलं, बघू या. मोबाइल खिशात टाकला, डोळे मिटले, डावा हात कमरेच्या उंचीवर धरला, बोटं पसरली. दार. दोन पावलं. तीन. हाताला काही लागेना. आमच्या घरात मधोमध काहीच नाही, आम्हाला कधी गरज पडली नाही, आणि त्या हवेत मला एकदम भीती वाटली, लहानपणी जत्रेत हात सुटतो तशी. चौथं पाऊल. आणि हाताला काहीतरी लागलं, उबदार, तेल लावलेलं, मधे भांग असलेलं. मी बोटं हलवली नाहीत.

"आशीर्वाद देतोयस का रे?" ताई म्हणाली. "मोठी मी आहे."

"हलू नकोस," मी म्हणालो. "पाचव्या पावलाला स्टूल आहे."